सोडतोस, की बंद करू?

डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या त्या खोलीत काकांनी एक शिस्त लावून दिली होती. कुणी एखादी नोंद उघडून धरून ठेवली की मागचे सगळे खोळंबतात. पण म्हणून त्याचं काम परस्पर बंद करायचं नाही. आधी फोन करून विचारायचं, "सोडतोस, की बंद करू?"

गेल्या महिन्यात काका गेले. सगळे ज्याला काकांचा चेला म्हणून चिडवायचे, त्यानेच स्मशानातून परत येऊन जड मनाने त्यांचं लॉगिन बंद केलं.

आज जेवणानंतर सिस्टीम अडकली. चेल्याने स्क्रीनवरची यादी पाहिली, तर खोळंबलेल्यांत पहिलं नाव काकांचं. आणि त्यांना अडवून बसलेलं नाव त्याचं स्वतःचं.

"ताई, माझ्या नावाने कुणी काही उघडलंय का गं?"

"तुझा पासवर्ड तुझ्याकडे, बाबा. मला काय विचारतोस?" शेजारची ताई मान वर न करता म्हणाली.

त्याने भराभर सगळं बंद केलं, अगदी मशीनसुद्धा. मग तो ताईच्या स्क्रीनमध्ये डोकावला. त्याचं नाव जागचं हललं नव्हतं.

तेवढ्यात त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. नंबर काकांच्या टेबलाचा होता. समोर त्यांची खुर्ची रिकामी होती, रिसीव्हर जागच्या जागी होता.

"घे की तो फोन, कान किटले!" ताई करवादली.

त्याने घेतला.

"सोडतोस, की बंद करू?" काकांनी नेहमीच्याच मायेने विचारलं.

सोडतो म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण आपण काय धरून बसलोय, हेच त्याला ठाऊक नव्हतं.