तीन नंबरचा प्रेस

शालनने पेडल दाबलं. तीन नंबरचा प्रेस खाली आला आणि काकडीच्या बोटभर वर खाडकन थांबला.

“काकडी आहे ती,” हितेशशेठ म्हणाला. “माणसाचा हात ठेवून दाखवा.”

डोंबिवली एमआयडीसीतल्या त्याच्या शेडमध्ये बारा प्रेस होते आणि त्यांवर पत्रा कापणाऱ्या बारा बायका. दोन महिन्यांपूर्वी पाच नंबरवर करिश्माची दोन बोटं गेली. त्या संध्याकाळी कोपरच्या घरी शालनला घास गेला नाही. तिची लेक दर्शना नौपाड्यात इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स करत होती. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, “आई, तुमचे प्रेस दाबाच्या हवेवर चालतात ना? मग ती हवा मध्येच तोडता येते.”

तिथून तीन नंबरवर बसवलेला हा डबा तयार झाला. साबणाच्या डबीएवढा, आत इवलासा कॉम्प्युटर. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. माणूस मध्ये आला की लिफ्टचं दार मागे सरतं, पाणी भरलं की वॉशिंग मशीन आपणहून पाणी घ्यायचं थांबवतं, ते असल्याच कॉम्प्युटरमुळे. त्याला जन्मभर एकच काम. इथलं काम म्हणजे, साच्यासमोरच्या न दिसणाऱ्या किरणांत काही आडवं आलं की प्रेसची हवा तोडायची. सुट्टीच्या दिवशी येऊन दर्शनाने चारशे वेळा करून बघितलं होतं. चारशेच्या चारशे वेळा प्रेस थांबला होता.

आता प्रेसपाशी उभ्या दर्शनाने बाही वर केली आणि काकडीच्या जागी स्वतःचा हात ठेवला.

शालनचा पाय उचलेना.

“दाब, आई.”

शालनने दाबलं. प्रेस सुटला आणि दर्शनाच्या बोटांवर अधांतरी थांबला. तिने हात हलवलासुद्धा नव्हता. मागून कोणीतरी शिट्टी मारली.

“मानलं!” शेठ म्हणाला. “हा राहू दे. बाकीच्या अकरांना कशाला? बायका सांभाळून काम करतात.”

शालन उठली आणि चार नंबरपाशी गेली. त्याला डबा नव्हता.

“जया, पाय पेडलवरच ठेव,” ती म्हणाली. मग मागे वळली. “शेठ, आता तुम्ही ह्या साच्यात हात ठेवा.”

शेठचा हात आपोआप खिशात गेला.

“आमचे जातात,” शालन म्हणाली. “दिवसाला दोन दोन हजार वेळा.”

जयाने पेडलवरून पाय काढला. मग पाच नंबर बंद झाला, मग सहा. बघता बघता सगळी शेड गप्प झाली आणि छताच्या पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. एकही बाई जागची उठली नाही. सगळ्या शेठकडे बघत होत्या.

शेठने घसा खाकरला. “अकरा डबे कधी होतील?” त्याने दर्शनाला विचारलं.

“कोर्सची अख्खी बॅच कामाला लावते. सोमवारी.”

“मग आम्हीपण सोमवारीच बसू मशीनवर,” शालन म्हणाली.