शब्द मागे न घेणारे बाबाराव

"त्यायची एकच अट आहे, बाबा," रितिका म्हणाली. "साक्षगंधाच्या आधी चॅनल बंद करायचं."

बाबारावांनी कुडत्याला लावत असलेला माइक खाली ठेवला. वरच्या खोलीत दिवे लागले होते, कॅमेरा तयार होता आणि आजचा विषयही चांगला तिखट होता. शोभाताई चहा घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या.

"कोण म्हणलं असं?"

"रजत. त्याच्या घरच्यायले तुमचं बोलणं पटत नाही म्हणे." रितिका खाली पाहत होती. "मी सांगून टाकते त्याले, बाबा काही ऐकणार नाहीत. तुम्ही थोडीच बंद करसान?"

बाबाराव थोडीच बंद करणार, हे सक्करदऱ्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. सात वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या टाइल्सच्या दुकानात बसून 'सरळसोट' हे चॅनल सुरू केलं, तेव्हा मागची चकचकीत भिंत पाहून लोकांनी विचारलं होतं, साहेब बाथरूममधून बोलता का? तो पहिला मोबाइल खोक्यांवर टेकवून दिला होता कॉलेजात जाणाऱ्या रितिकानंच. आता त्यांना पाच लाख माणसं ऐकत होती आणि त्यातली निम्मी तरी शिव्या घालायला येत होती. लिव्ह-इनवाले, इतिहासाची नवी पुस्तकं, सण आला की प्रदूषण आठवणारे, आईबापांनी पाहिलेल्या स्थळाला नाक मुरडणाऱ्या मुली. बाबारावांनी कुणालाच सोडलं नाही. एकदा तर घरावर मोर्चा आला. ऊन फार होतं म्हणून त्यांनी मोर्चेकऱ्यांना मठ्ठा पाजला, माफी मात्र मागितली नाही. एक व्हिडिओ वरून काढून टाकला गेला, तर त्यांनी तोच शब्दन् शब्द पुन्हा बोलून टाकला. बोललेलं मागे घ्यायचं नाही, या एका गोष्टीवर त्यांचं सगळं नाव उभं होतं.

"एकदा रजतच्या वडलायसंग, दादाजींसंगच बोलून पाहा ना," शोभाताई म्हणाल्या.

"पोरीच्या बापानं अटीवर घासाघीस करायची नसते वं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तलावाच्या काठानं फिरत होते. एकानं थांबवून सेल्फी काढली, दुसरा ओळखून बाजूला थुंकला. रोजचंच होतं ते. पण आज त्यांचं लक्ष नव्हतं. दादाजी भोयरांना त्यांनी साखरपुड्याचा शब्द दिला होता. घर चांगलं, मुलगा हिंगण्याच्या कारखान्यात इंजिनिअर, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. शिवाय पोरीनं एका शब्दानं तक्रार केली नव्हती. आई आवडनिवड विचारायची, तर "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच म्हणायची. आजच्या काळात अशी लेक मिळणं म्हणजे आपलं नशीबच, असं बाबारावांना वाटे. आणि या लेकीचं सुख आपल्या तोंडापायी अडून राहिलं, या विचारानं ते अर्ध्या फेरीतूनच घराकडे वळले.

घरी येऊन त्यांनी चपला काढल्या आणि म्हणाले, "करून टाकतो बंद."

रितिका पाहतच राहिली.

"नका ना बाबा. काहून करता असं? सात वर्षं आहेत ती तुमची. इतक्या लोकायपुढं मान खाली घालसान? त्यायले नाही पटत, तर जाऊ द्या ना ते स्थळ!"

"पागल झाली काय वं?" बाबाराव हसले. लेक बापाच्या मानासाठी आपल्या संसारावर पाणी सोडायला निघाली होती. मग तर त्यांचा निश्चय आणखीच पक्का झाला.

शेवटचा व्हिडिओ छोटाच होता. "आजवर मी कुणाचंच ऐकलं नाही," ते म्हणाले. "माझी लेक सासरी चालली आहे. तिच्या सुखापेक्षा माझी मतं मोठी नाहीत. माझ्या बोलण्यानं कुणाला लागलं असेल, तर ते मी मागे घेतो."

संध्याकाळपर्यंत चाहत्यांनी त्यांना पळपुटा ठरवलं आणि विरोधकांनी फटाके फोडले. बाबाराव एकेक कमेंट वाचत बसले होते. मग त्यांनी रितिकाला हाक मारली, चॅनल कायमचं कसं काढायचं ते विचारलं आणि बटण स्वतःच्या बोटानं दाबलं. रितिका तोंड झाकून रडायला लागली.

"सासरी जायच्या आधीच रडून राहिली," शोभाताई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते.

रविवारी दादाजी भोयर न कळवताच आले. बाबाराव लगबगीनं सामोरे गेले. आता तरी व्याही खूश असतील, असं त्यांना वाटलं होतं. पण दादाजींनी सोफ्यावर बसायच्या आधीच तोंड उघडलं.

"हे काय करून बसले तुम्ही, बाबारावजी? आमच्या घरी तुमचा आवाज ऐकल्याबिगर सकाळचा चहा होत नव्हता. रजत तर कंपनीच्या बसमधी सगळ्यायले ऐकवत जाय. अजी, तुमची पोरगी म्हणून तर आम्ही पत्रिकासुद्धा नाही पाहिली!"

बाबारावांना काही कळेना. "पण अट तर तुमचीच होती ना?"

"कोणती अट?"

"चॅनल बंद करायची. रजतनं रितिकाले सांगितली."

"रजतनं?" दादाजी म्हणाले. "तो तर म्हणते, पोरगी एकही दिवस माहा फोन उचलत नाही."

बाबारावांनी वळून पाहिलं. रितिका पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती पुढेही आली नाही आणि मागेही गेली नाही.

"मले वाटलं," ती हळूच म्हणाली, "तुम्ही स्थळ सोडसान, बाबा."