साडेसदतीस अंश

"आई म्हणजे दुसरंतिसरं काही नाही. साडेसदतीस अंश तापमान, बस्स!" निवृत्त इंजिनिअरांनी जेवणाच्या टेबलावरच्या उबवणी यंत्रावर हात ठेवून जाहीर केलं. त्याच क्षणी आत फट् आवाज झाला. पिल्लू आलं म्हणून ते लगबगीनं वाकले. पिल्लू नव्हतं. सडलेलं अंडं फुटलं होतं, आणि त्यातलं हिरवट-काळं जे काही होतं ते पारदर्शक झाकणाला आतून चिकटून सावकाश खाली ओघळत होतं.

"पुसा ते," बायको म्हणाली.

"आत्ता झाकण उघडलं तर ऊब जाईल." शास्त्र नेहमी त्यांच्या मदतीला धावून येई.

"तीन पोरं वाढवली मी. पण जेवणाच्या टेबलावर नाही!" ती ताट उचलून गॅलरीत गेली. थोड्या वेळानं शेजारीण गटार तुंबलंय का ते विचारून गेली.

पोरं वाढली तेव्हा इंजिनिअरही घरातच होते. फक्त दुपटं ओलं झालं की त्यांना ऑफिसचं काम आठवे.

डझनभर अंड्यांतून शेवटी एकच पिल्लू बाहेर आलं. ते चित्रातल्यासारखं पिवळं, गोजिरवाणं वगैरे नव्हतं. मोरीच्या जाळीतून उपसलेल्या केसांच्या गुंत्यासारखं चिकट आणि लिबलिबीत होतं. इंजिनिअरांनी अभिमानानं तिन्ही पोरांना फोटो पाठवला. तिघांनीही "शी!" एवढंच कळवलं.

दुसऱ्या दिवशी पिल्लू मान टाकून बसलं. दाण्याकडे बघेना. इंजिनिअरांनी त्याला उलटं करून पाहिलं आणि घाईघाईनं खाली ठेवलं. मागच्या बाजूला शीट वाळून भिंतीच्या गिलाव्यासारखी घट्ट बसली होती. त्यांनी यंत्र विकणाऱ्याला फोन लावला.

"कोमट पाण्यानं भिजवा आणि हलक्या हातानं पुसून काढा, साहेब. वाट मोकळी झाली नाही तर आजच जाईल ते."

"यंत्रात तशी काही सोय?"

"यंत्राचं काम अंडं फुटेपर्यंत."

इंजिनिअर पिल्लाला वर्तमानपत्रावर घेऊन बायकोसमोर उभे राहिले. ती मटार सोलत होती.

"अगं, एवढं करतेस का? तुला काय, सवय आहे."

बायकोनं वर पाहिलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"सवय कसली? मलाही किळसच यायची. रोज यायची," ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारलं नाहीत."

आणि तिनं पुढची शेंग घेतली.

कागदावर पिल्लानं एकदा चोच उघडली, पण आवाज निघाला नाही.

मग न्हाणीघराचं दार वाजलं. नळ सुटला. ओकारीचा एक उमासा ऐकू आला. नळ बंद झाला. "नाही रे राजा, नाही, हलू नकोस," असं कुणीतरी म्हणालं. हा आवाज या घरात पूर्वी कधी ऐकू आला नव्हता. पुन्हा एक उमासा, पहिल्यापेक्षा मोठा.

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती उठली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

"अगं, आहेस का तिथे?" आतून केविलवाणा आवाज आला. "तू काही करू नकोस. फक्त आत ये आणि माझं नाक धर. माझे दोन्ही हात अडकलेत."