उतरता आकडा

लेकाने घरातच व्यायाम सुरू केला आणि चरबी मोजणारा काटा आणला. त्यावर कुणीही उभं राहिलं, तरी आकडा त्याच्याच मोबाइलवर जायचा. लेकामागून त्याचे वडीलही हौसेने चढायचे.

"आई, चरबी उतरतेय बघ!" लेक उड्या मारायचा, कपाटातली भांडी खणखणायची.

"मग हे पोट कुणाचं, शेजाऱ्याचं?" ती फणकारायची. आकडा खाली आणि पोट जागच्या जागी, तिच्या जिवाला चैन पडेना.

लेक आठवडाभर परगावी गेला. तिथून त्याचा फोन आला, "आई, आकडा आजही उतरला. काट्यावर कोण चढतंय गं?"

तिने मागे वळून पाहिलं.



नवरा ढगळ पँट मुठीत धरून उभा होता. "अगं, पट्ट्याला अजून एक भोक पाडून दे."