न हलणारा ठिपका

बाबांनी तिला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. दारातूनच हाताला धरून टेबलापाशी नेलं आणि लॅपटॉपसमोर बसवलं.

"आधी हे बघ. चहाबिहा नंतर."

"अहो, तिला श्वास तरी घेऊ द्या," आई आतून ओरडली. "पहाटेपासून उडतेय पोरगी. या घरात दोघंही हवेत, जमिनीवर मी एकटी!"

लेक वैमानिक होती. दोन तासांपूर्वीच दीडशे माणसं घेऊन उतरली होती. इतकं सरळसाधं उतरणं, की घरी येईपर्यंत ती ते विसरूनही गेली होती. बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून काढली, आणि दुकान बंद केल्यावर हलक्या लाकडाची विमानं बनवायला लागले. ही विमानं ते गच्चीवरून उडवत. घर विमानतळाला इतकं लागून, की उतरणाऱ्या विमानांची सावली वाळत घातलेल्या कपड्यांवरून सरकत जायची. इथं उडवू नका, असं लेकीनं दहादा सांगितलं होतं. बाबा दहाही वेळा हो म्हणाले होते.

टेबलावर त्यांचं नवं विमान पडलं होतं. हातभर लांब. एक पंख मोडलेला, चाकांत गवत अडकलेलं, नाकात नखाएवढा कॅमेरा.

"तुम्ही आज उडवलंत?"

"अगं, लांबूनच. तुला उतरताना टिपायचं होतं. डोक्यावरून भुर्रकन जातेस, कधी धड बघायला मिळत नाही. पण मध्येच रिमोटचा संपर्क तुटला. पलीकडच्या मैदानात सापडलं हे. मीही अजून बघितलेलं नाही. म्हटलं, तू आलीस की बरोबरच बघू."

त्यांनी बटण दाबलं.

गच्ची दिसली. बाबांचं टक्कल लहान लहान होत गेलं. चादर झटकणारी आई दिसली, मग छपरं, पाण्याच्या टाक्या, रस्ता. बाबा खुशीत मांडीवर ताल धरून बसले होते. मग चित्र एकदा थरथरलं आणि स्थिर झालं.

"इथं तुटला बघ संपर्क."

"मग हे उडतंय कसं?"

"मीच तशी सोय केलीय. संपर्क तुटला तर भिरभिरायचं नाही, नाक वर ठेवून सरळ जात राहायचं."

विमान सरळ जात राहिलं. कुणाचाही हात नसलेलं, शांत, जणू वाट पाठ असल्यासारखं. खाली विमानतळाच्या उलट बाजूचं मैदान लागलं. पुढे नुसतं आभाळ. आभाळाच्या बरोबर मधोमध एक ठिपका.

लेक पडद्याजवळ वाकली. शिकत असताना तिच्या गुरूंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: समोरची वस्तू डावीउजवीकडे सरकत असेल तर भिऊ नका. जी हलत नाही, नुसती मोठी होते, तिला भ्या.

ठिपका हलत नव्हता.

त्याला पंख फुटले. मग दिवे. मग चाकं. बाबांच्या मांडीवरचा ताल कधी थांबला ते दोघांनाही कळलं नाही. पडदा विमानाच्या नाकानं भरला, आणि काचेआड दोन माणसं दिसली. त्यातली एक ती होती. पांढरा सदरा, कानावर हेडफोन, चेहरा निवांत. मग काच वर निघून गेली आणि तिच्या जागी इंजिनाचं काळं तोंड आलं. आत गरगर फिरणारी पाती. एक क्षण पडद्यावर दुसरं काहीच नव्हतं.

मग आभाळ, जमीन, आभाळ. मोठ्या विमानामागच्या हवेच्या भोवऱ्यानं लहान विमान भिरकावून दिलं होतं. शेवटी गवत. ते वाऱ्यावर डोलत होतं.

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. बाबांचा हात हळूच पुढे सरकला, पुसून टाकायच्या बटणाकडे. लेकीनं मनगट धरलं.

"नका."

"तुझ्या नोकरीवर येईल गं."

"माझ्या नाही येणार. तुमच्यावर येईल. पण हे आजच्या आज विमानतळावर द्यावं लागेल, बाबा. मीच देणार."

"मला पकडतील?"

"माहीत नाही. पण माझ्या मागे दीडशे माणसं होती."

बाबांनी मान हलवली. केसाएवढ्या स्प्रिंगा न मोडता बसवणाऱ्या हातांनी त्यांनी मोडका पंख जागेवर टेकवून बघितला.

"द्यायच्या आधी एकदाच परत लाव," ते म्हणाले.

तिनं लावलं. गच्ची गेली, टाक्या गेल्या, रस्ता गेला. ठिपका आला आणि जागचा न हलता वाढत गेला. काच जवळ आल्यावर बाबा म्हणाले, "थांबव इथं."

चित्र थांबलं. दोघं कितीतरी वेळ त्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"तुला काहीच दिसलं नाही?"

"नाही."

"एखादा पक्षी? कसली सावली?"

"काहीच नाही, बाबा. समोर धावपट्टी होती. आभाळ स्वच्छ होतं."

बाबांनी पडद्यावरच्या तिच्या डोळ्यांवर बोट ठेवलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"पण तू तर इकडेच बघतेयस गं."