बाजू

"मॅडम, खूण करू ना? उजवीकडंच?" ऑपरेशन थिएटरमधून डॉ. प्रशांतकुमारांनी फोनवर विचारलं.

स्कॅन बघून गाठीची जागा सांगायचं काम डॉ. पंचशीलाचं, आणि तिची नजर स्क्रीनवर भलत्याच ठिकाणी अडकली होती.

वच्छलाबाईंच्या डोक्याचे दोन सीटी स्कॅन तिनं उघडले होते. जुना बीदरचा, दोन वर्षांपूर्वी पडल्या तेव्हाचा. तो साफ होता. नवा परवा हुमनाबादला काढलेला, सीडीवरून आलेला. त्यात उजवीकडं बोराएवढी गाठ. सॉफ्टवेअरनं एकावर एक चढवले, कवटीवर कवटी नीट बसली. पण नाकातल्या चमकीचा पांढरा ठिपका जुन्यात डावीकडं होता, नव्यात उजवीकडं.

मेली ती सीडी! मागं एकदा अशीच एक फाइल आरशातल्यासारखी उलटी उघडली होती. मेंदू दोन्ही अंगांनी सारखाच दिसतो, उलटा झाला तरी पटकन कळत नाही. हीपण उलटी असेल तर गाठ डावीकडं, आणि डॉक्टर चांगल्या बाजूची कवटी उघडणार.

"थांबा. नाकाला भोक कुठल्या बाजूला आहे बघा."

"दोन्हीकडं आहे. चमकी काढून घरच्यांकडं दिलीय. भूल दिलीय मॅडम, लवकर सांगा."

ती बाहेर धावली. बाकावर वच्छलाबाईंचे मालक श्रीपतराव आणि सून विजयश्री बसली होती. चमकी सुनेच्या मुठीत होती.

"ही त्या कुठल्या बाजूला घालतात?"

"डावीकडं!" श्रीपतराव गुरकावले. "आमच्यात डावीकडंच घालत्यात. उजवीकडं ह्या कानड्यांत." त्यांनी सुनेच्या नाकाकडं बोट केलं. कलबुर्गीच्या कानडी घरातल्या त्या पोरीच्या उजव्या नाकपुडीत खडा चमकत होता.

"हुमनाबादला त्यांच्यासंगं कोण होतं?"

"मी," विजयश्री म्हणाली.

"तेव्हाही डावीकडंच होती?"

विजयश्रीनं सासऱ्यांकडं बघितलं. मान खाली घातली. "व्हय."

म्हणजे फाइल उलटीच. पंचशीलानं खोलीत येऊन फोन उचलला. "डॉक्टर, चित्र उलटं आलंय. गाठ डावी..."

धाडकन दार उघडलं. विजयश्री धापा टाकत आत आली.

"म्याडम, उजवीकडं! त्या दिशी उजवीकडं होती!"

"थांबा! हात लावू नका!" पंचशीला फोनवर ओरडली. मग तिनं विजयश्रीचा दंड धरला. "नक्की?"

"लेकराच्यान! मीच घालून दिल्ती."

"डॉक्टर, चित्र सरळच आहे. गाठ उजवीकडं. उजवीकडंच उघडा." तिनं फोन ठेवला. मग तिला असा संताप आला की बस. "खोटं कामून बोललीस गं? जीव गेला असता त्यांचा!"

विजयश्री हुंदके द्यायला लागली. "मामा समोर होते ना. आत्याबाईनं शपथ घातल्ती, त्यास्नी कळू द्यायचं न्हाई म्हणून. यात्रेत गुपचूप दुसरं भोक पाडून घेतलं त्यांनी. मामा कवा त्यांच्या नाकाकडं बघत्यात? आम्ही दोघीच गावाबाहेर निघालो की बसमधी चमकी माझ्यावाणी इकडं घालायच्या. म्हणायच्या, घरात बोलता येत न्हाई गं पोरी, पर मी तुझ्या बाजूची हाय."