पडद्यावरची हळद

हळद पोराची, आणि मिरवायचा सोस बापाला. भूपेशने मांडवात भिंतीएवढा पडदा उभा केला होता. घोडबंदरात आजवर कुणी केला नव्हता म्हणे. पडद्यावर हृतिकचं तोंड. पाहुण्यांनी आपापल्या मोबाइलवर बोट फिरवलं की त्या गालावर पिवळं उमटायचं, मोबाइल हलवला की हळदीचं पाणी उडायचं. खरा हृतिक पाटावर बसून, मान वर करून स्वतःलाच बघत होता. त्याच्यासमोर त्याची आजी पार्वती, हळदीची वाटी धरून.

"पैला हात आत्याचा," ती म्हणाली. "आत्या कुठं हाय?"

"थांब ना आये. येतेय," भूपेश म्हणाला.

माइकवरचा पिंटू ओरडला, "विनिता आत्या, लाइव्ह, केबिन रोडवरून!"

केबिन रोड. रिक्षाने अर्धा तास. जमिनीच्या वाट्यावरून भूपेशने बहिणीला घर बंद केलं होतं, आणि आज मोबाइलवर लिंक तेवढी पाठवली होती. आत्याचा मान चुकला असं गावाने म्हणायला नको, एवढीच त्याची हुशारी.

पडद्यावर पिवळं बोट उमटलं. कपाळावरून गालावर आलं, तिथून कानामागे गेलं. लहानपणी हृतिकला न्हाऊ घालताना विनिता कानामागे असंच चोळायची. दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. मग बोट तिथेच थांबलं, आणि पाणी उडायला लागलं. बारीक बारीक. थांबेचना.

"आत्या नाचतेय!" पिंटू म्हणाला. मांडव हसला. भूपेश सगळ्यांत मोठ्याने.

पार्वती हसली नाही. लेकीचा हात कशाने हलतो हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"झाला आत्याचा हात," भूपेश म्हणाला. "आता तू लाव, आये."

पार्वतीने नातवाच्या गालावरून अंगठा फिरवला आणि तो भूपेशच्या नाकासमोर धरला. कोरडा ठणठणीत. मग वाटी मांडीवर ठेवून तिने वरून पदर ओढला.

"आये, काय करतेय? लोकं बघतायत."

"बघू दे. तुला बहिणीचं बोट पायजे, बहीण न्हाय. हळद पडद्याला लागली ना? मग लगीन पण त्याचंच लाव."